वेंडेलच्या वहीचा पुठ्ठा

रॉइस पिकेट बोलता बोलता थुंकतो. जमिनीवर नाही, बाटलीत. सरबताची रिकामी प्लास्टिकची बाटली कायम त्याच्या डाव्या हातात असते आणि तिच्यात तंबाखूचं तपकिरी पाणी हिंदकळत असतं. पंचवीस वर्षं हा माणूस आमच्या कोल्टर फोर्कच्या रायफल क्लबात आहे, आणि पंचवीस वर्षं त्याच्याशी बोलताना मी त्या बाटलीकडे बघायचं टाळत आले आहे. आता तो क्लबचा अध्यक्ष झाला आहे. बाटली मात्र तीच असावी असा मला दाट संशय आहे.

एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. त्यामुळे गुरुवारी दुपारी क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर ही गर्दी. वर्षभर बंदूक कपाटात लोळत पडते आणि हंगामाच्या दोन दिवस आधी सगळ्यांना आठवतं की तिच्यावरची नेमाची दुर्बीण हललेली असेल. मी बादली घेऊन गेले होते. आमच्याकडे जे लोक घरी काडतुसं भरतात ते रिकामी पितळी पुंगळी कधी टाकत नाहीत, कारण तीच परत भरायची असते. जे भरत नाहीत ते खुशाल टाकून जातात. त्या टाकलेल्या मी वेचते. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण सवय जात नाही.

चौथ्या बाकाखाली मला तीन पुंगळ्या सापडल्या. त्या मी बादलीत टाकल्या नाहीत, उलट्या करून बघितल्या.

ताटात काय उरलंय ते बघून जेवण कसं झालं ते कळतं, तसं पुंगळीचं बूड बघून बंदुकीच्या आत काय झालं ते कळतं. बुडात एक छोटी टोपी असते, जिच्यावर घोडा आपटतो. तिची कड गोल राहायला हवी. इथे दोन पुंगळ्यांवर ती इस्त्री केल्यासारखी सपाट झालेली होती. तिसरीची टोपी पडूनच गेली होती, नुसतं काळं भोक. आणि तिन्हींच्या बुडावर पितळ घासून चकचकीत डाग पडलेले. म्हणजे आतला दाब जिथे थांबायला हवा होता तिथून बराच पुढे गेला होता. आणखी थोडा गेला की बंदुकीचा मागचा भाग नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. अठ्ठ्याऐंशी साली शेजारच्या बाकावर मी ते पाहिलं आहे. त्या माणसाचा उजवा डोळा गेला, आणि त्याच्या कोटावरचे डाग मी स्वतः धुतले होते.

"ह्या कोणाच्या?" मी विचारलं.

"माझ्या," रॉइस म्हणाला. "घे, घे. माझ्याकडून भेट समज."

"हिची टोपी पडलीय रॉइस."

"पुंगळ्याच स्वस्तातल्या होत्या."

"बोल्ट उघडला कसा?"

तो हसला. "लाकडाने. दोन-चार ठोके दिले. नवी बंदूक आहे, अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. तुलाही लागत असेल की सकाळी उठल्यावर!"

बाकांवरचे चार-पाच जण खिदळले. बोल्ट, म्हणजे बंदुकीचा मागचा अडसर, ठोकून उघडावा लागला हे हा माणूस विनोद म्हणून सांगत होता, आणि समोरची माणसं हसत होती. त्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी दुसऱ्याला शिकवलेलं असतं की बोल्ट अडकला तर तिथेच थांबायचं, घरी जायचं, उरलेली काडतुसं मोडायची. मला त्या हसण्याची अक्षरशः शिसारी आली.

"भरलीस कुठल्या कोष्टकातून?"

"अर्थात वेंडेलच्या वहीतल्या. पान सत्तेचाळीस." त्याने बाटलीत थुंकून घेतलं. "ही वजनदार गोळी नवीन आलीय ना, हिच्यासाठी छापील पुस्तकात काहीच नाही. तिन्ही पुस्तकं चाळली. मग आठवलं, वेंडेलने एवढ्याच वजनाच्या गोळीवर वीस वर्षांपूर्वी सगळं काम करून ठेवलंय. देवमाणूस होता."

वेंडेल म्हणजे माझा नवरा. जाऊन चौदा महिने झाले. तो जिवंत होता तेव्हा हाच रॉइस त्याच्या पाठीमागे त्याला 'कासव' म्हणायचा, कारण वेंडेल एकेक बदल करून आठ-आठ दिवस थांबायचा. मेल्यावर देवमाणूस झाला.

इथे एक सांगायला हवं. कुठल्या गोळीमागे कुठलं बारूद किती घालायचं, हे कोणी मनाने ठरवत नाही, ठरवू नये. ज्यांच्याकडे दाब मोजायची यंत्रं आहेत ते मोजतात आणि पुस्तकात छापतात. आपण तिथल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. गोळी जितकी जड तितकी चूक महाग. पण नव्या जड गोळीचं छापील कोष्टक लगेच मिळत नाही, आणि आमच्या माणसांना धीर नाही. मग इंटरनेटवर शोधाशोध. तिथे शंभर शहाणे बसलेले असतातच. नाव नाही, गाव नाही, आकडा मात्र दशांशापर्यंत. 'मी वापरतो, मला काही झालं नाही,' हा त्यांचा पुरावा. ते वाचून मला ओकारी येते. पण वेंडेलची वही तसली नव्हती, म्हणूनच ती जास्त धोक्याची होती. ती खरी होती, फक्त एका बंदुकीपुरती.

मी रॉइसला तेच सांगितलं. "वेंडेलच्या बंदुकीचा घसा खास लांब कोरून घेतलेला होता. नळीचा घसा, पुंगळीपुढची ती मोकळी जागा, लांब, म्हणून लांबलचक गोळी पुढे बाहेर बसायची आणि पुंगळीत बारुदाला जागा राहायची. तुमच्या दुकानातून आणलेल्या बंदुकीत तीच गोळी मागे दाबून बसवावी लागते. डबा लहान झाला आणि आतला ऐवज तेवढाच. मांस बरणीत भरून टिकवायला कुकर लावतो ना आपण? त्याची शिट्टी बोटाने दाबून धरल्यासारखं आहे हे."

"आर्डिस," तो म्हणाला, लहान मुलीशी बोलावं तसा. "तू त्याला वर्कशॉपमध्ये कॉफी नेऊन द्यायचीस, मला ठाऊक आहे. पण हे जरा तांत्रिक आहे. तसं काही असतं तर वेंडेलने लिहून ठेवलं असतं."

"लिहिलेलं आहे."

"कुठे? पानापानाचे फोटो काढलेत मी. साऱ्या क्लबला पाठवलेत. एक शब्द नाही तसला." मग आवाज गोड करून म्हणाला, "आणि हे ऐक, तुला बरं वाटेल. ब्रिटाला वीस भरून दिलीत मी काल. आजोबांची काडतुसं, नातीचा पहिला एल्क. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं गं!"

मी बादली तिथेच टाकली, त्या तीन पुंगळ्या खिशात घातल्या आणि गाडीकडे गेले.

ब्रिटा माझ्या मुलीची मुलगी. बावीस वर्षांची, गुरांच्या दवाखान्यात काम करते, गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढते आणि तोच हात धुऊन सँडविच खाते. तिची बंदूक दुकानातली, रॉइसच्याच जातीची. मी पोचले तेव्हा ती अंगणात घोड्याचं खोगीर तपासत होती. काडतुसांची डबी तिच्या पिशवीत वरच होती.

"ती डबी मला दे," मी म्हणाले.

"का?"

मी सगळं सांगितलं. पुंगळ्या दाखवल्या. तिने एक हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"रॉइस म्हणाला होता तू अशी येशील म्हणून."

"काय म्हणाला?"

"की तू अजून दुःखात आहेस. आजोबांच्या वस्तूला कोणी हात लावलेला तुला सहन होत नाही. आणि त्याच्या पुंगळ्या स्वस्तातल्या होत्या, माझ्या त्याने नव्या वापरल्यात."

माझ्या दुःखाची सुद्धा त्याने आधीच वासलात लावून ठेवली होती. माझा आवाज चढला, आणि तो ऐकून पोरीला वाटलं असणार की रॉइस बरोबरच बोलला.

"मी कारखान्याला फोन केला वाटेत," मी म्हणाले. "गोळी बनवणाऱ्यांना. त्या माणसाने स्वच्छ सांगितलं, ह्या गोळीचं ह्या बारुदाबरोबर कोष्टक आमच्याकडे अजून नाही. हलक्या गोळीवरून अंदाज बांधू नका, दुसऱ्या जड गोळीचा आकडा उचलू नका, थांबा."

"ते असंच बोलणार आजी. त्यांना वकिलांची भीती असते." मग तिने खोगीराचा पट्टा ओढला. "मामा आजोबांची बंदूक घेऊन अलास्काला गेला. वही क्लबने घेतली. माझ्याकडे आजोबांचं काय आहे? ही वीस. त्यांनी आकडा काढला, त्यांनी लिहिला. त्यांच्या अक्षरावर माझा विश्वास आहे. तुझ्यावर नाही असं नाही, पण तू कधी एक तरी काडतूस भरलंयस का?"

याचं उत्तर माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळलं. ते का गिळलं हे सांगायची मला लाज वाटते.

वेंडेलला आकडे उलटे दिसायचे. शाळेपासून. एकोणसत्तर आणि शहाण्णव त्याला सारखेच. हातात त्याच्या जादू होती, लोखंड त्याचं ऐकायचं, पण कागदासमोर तो घामाघूम व्हायचा. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात त्याने मला हे सांगितलं, तेही दिवाणखान्यातला दिवा बंद करून. कोणाला सांगणार नाहीस ना, असं वचन घेतलं. तेव्हापासून काट्यावर बारूद तोलायचं काम माझं. वेग मोजायच्या यंत्रापाशी बसायचं काम माझं. कुठे थांबायचं हे ठरवायचंही बरेचदा माझंच. वहीतलं एकूण एक अक्षर माझं आहे. माझी आई नॉर्वेची, तिने मला 7 हा आकडा काढताना कंबरेला आडवी रेघ द्यायला शिकवलं. त्या वहीत जिथे जिथे सात आहे तिथे ती रेघ आहे. क्लबातला कोणी माणूस माझ्या अक्षरात लिहिलेलं काहीही वाचायला कधी तयार नव्हता, म्हणून त्यांना कधी कळलं नाही.

आणि मला ते चालत होतं. नुसतं वचन होतं म्हणून गप्प बसले असं म्हणून मी सुटू शकत नाही. माझ्या नावाची वही त्यांनी हातात धरली नसती, त्याच्या नावाची डोक्यावर घेतली, आणि मला आतून ते ऐकायला गोड लागायचं. 'वेंडेलचं काम बघा, काय नेटकं!' मी कॉफी वाढत वाढत हसायचे. रॉइसच्या बाटलीची किळस येते म्हणते मी, पण त्या गुरुवारी मला माझीच जास्त आली.

डबी चोरता आली असती. पण रॉइसने तिला आणखी वीस भरून दिली असती, आणि त्याने इतर कोणाकोणाला दिली होती देव जाणे. पाहिजे होता तो पुरावा, तोही माझ्या तोंडचा नाही. आणि तो कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण मीच तो लिहिला होता. वहीच्या पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला.

वेंडेलच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाता खाता रॉइसने माझ्याकडे वही मागितली, क्लबसाठी. मी दिली. त्याने तिचा पुठ्ठा फाडून काढला, ज्यावर 'वेंडेल हॉगेन' लिहिलेलं आहे, आणि वेंडेलच्या फोटोशेजारी काचेत बसवून भिंतीवर टांगला. नाव बाहेर, सूचना भिंतीकडे तोंड करून. पानांचे फोटो काढले, पुठ्ठ्याची मागची बाजू बघायची तसदी कोण घेतो! भक्त मंडळींना मूर्ती पाहिजे होती, ती मिळाली.

शुक्रवारी सकाळी क्लबात हंगामाची न्याहारी असते. पॅनकेक, सॉसेज, पाण्यासारखी कॉफी. मी ब्रिटाला म्हणाले, फक्त ये माझ्याबरोबर, मग तुला काय करायचं ते कर. ती आली, तोंड फुगवून, पण आली. डबी तिच्या कोटाच्या खिशात होती.

साठेक माणसं जेवत होती. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि तसबीर उतरवली.

"अगं अगं, काय करतेस?" रॉइस ताट घेऊन धावला. त्याच्या दाढीला पाक लागला होता. "ती क्लबची आहे, आर्डिस!"

"नवरा माझा होता," मी म्हणाले, आणि लोणी लावायच्या सुरीने मागचे खिळे उचकटले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच, म्हातारीचं डोकं फिरलं. एकाने तर कीव येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुठ्ठा काढला आणि उलटा करून ब्रिटाच्या हातात दिला.

तिने वाचलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रॉइसने तिच्या खांद्यावरून मान घातली.

'या वहीतले सगळे आकडे फक्त या एकाच बंदुकीचे. हिचा घसा लांब कोरलेला आहे, 7 जुलै 1997. इतर कुठल्याही बंदुकीत वापरू नयेत. दाब धोक्याचा होईल.'

रॉइसचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा माफी मागेल. निदान गप्प बसेल. इतकी वर्षं ओळखूनही मला असं वाटलं.

त्याने पुठ्ठा ब्रिटाच्या हातातून घेतला, घसा खाकरला आणि हॉलकडे वळला. "मित्रांनो! इकडे लक्ष द्या. फार महत्त्वाचं आहे. वेंडेलने आपल्याला इशारा देऊन ठेवलाय!" आणि तो वाचायला लागला, मोठ्याने, एकेका शब्दावर जोर देत. मग त्याने समजावून सांगितलं. लांब घसा, गोळी मागे बसते, जागा कमी होते. "कुकरची शिट्टी बोटाने दाबून धरावी ना, तसं समजा," असंही म्हणाला. माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

माणसांनी माना डोलावल्या. ज्याने कीव केली होती तो म्हणाला, "वेंडेल गेला तरी आपली काळजी घेतोय." तीन-चार जण उठून गाड्यांकडे गेले आणि डब्या घेऊन आले, मोडायला. काल बाकावर खिदळलेले दोघे त्यांच्यात होते. ही सगळी काडतुसं उद्या पहाटे डोंगरात उडाली असती. मला आनंद व्हायला हवा होता. मी दार ढकलून बाहेर पडले.

ब्रिटा मागोमाग पार्किंगमध्ये आली. खिशातून डबी काढून माझ्या हातात दिली.

"जुन्या हलक्या गोळ्या आहेत ना तुझ्याकडे? पुस्तकातल्या कोष्टकाच्या?" मी विचारलं.

"आहेत. एल्क पडतो त्यांनी."

"मग झालं. ही काडतुसं संध्याकाळी मोडू आपण. बारूद माझ्या गुलाबांना खत म्हणून घालू."

डबी चुकून कोणाच्या हाती लागू नये म्हणून मी गाडीतलं जाड पेन काढलं आणि झाकणावर लिहिलं, 'उडवू नये. पान 47. मोडायची.' टोपण लावत होते तेव्हा ब्रिटाने माझं मनगट धरलं. ती त्या साताकडे बघत होती, त्याच्या कंबरेच्या रेघेकडे.

"आजी," ती म्हणाली, "आत्ता वाचलं त्यातही असेच सात होते."

मी टोपण घट्ट दाबलं.

"सगळ्या वहीत असेच आहेत. मी आजोबांचे सात म्हणून काढायला शिकले होते तसे. शाळेत बाई ओरडायच्या."

"त्याला आकडे उलटे दिसायचे गं," मी म्हणाले. पंचेचाळीस वर्षांचं वचन, थंडीत गाडीला टेकून, एका वाक्यात मोडलं. "हात त्याचे होते, खरंच. डोळे माझे."

तिने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग तिच्या नाकपुड्या फुलल्या. हे तिने माझ्याकडून उचललं आहे. आत रॉइसचा आवाज अजून चालू होता, वेंडेल असं म्हणायचा, वेंडेल तसं म्हणायचा.

"मी आत जाऊन सांगते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्या थुंकणाऱ्या बोकडाच्या तोंडावर सांगते की हे तू लिहिलंयस. काल तू तोंडाने हेच सांगत होतीस तेव्हा—"

ती दाराकडे निघालीसुद्धा. मी तिच्या कोटाची बाही पकडली.

"नको."

"का नको? अजून आजोबांचीच लाज राखायची?"

"लाज गेली खड्ड्यात. आत टेबलावर बघ, डब्यांचा ढीग पडलाय. वेंडेलने लिहिलंय म्हणून आणून टाकल्यात त्यांनी. मी लिहिलंय असं कळलं, तर जेवण आटपून परत खिशात घालतील."